टॅगचा रंग आणि पोत्यातलं बी : नव्यानं शेतीत उतरणाऱ्यांसाठी

मे महिना अर्धा सरला की नागपूर जिल्ह्यात बियाण्यांची खरेदी सुरू होते आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "भाऊ, निळ्या टॅगवालं चांगलं का हिरव्या?" विचारणारा बहुतेक वेळा नवखा असतो. उमरेड, कुही किंवा कळमेश्वरकडे वडिलांचं चार-पाच एकर वावर, आजवर ठेक्यानं दिलेलं, आता स्वतः करायचं ठरवलेलं. त्याचा प्रश्न रास्त आहे. पण त्यामागे समजूत अशी असते की निळं म्हणजे जास्त उगवणार आणि हिरवं म्हणजे कमी. तसं नसतं. टॅगच्या रंगावरून बियाण्याचं कूळ कळतं आणि त्या कुळाची हमी कोण घेतं ते कळतं. बी आज जिवंत आहे का, हे रंग सांगत नाही. ते घरीच बघावं लागतं.

पुढची बहुतेक उदाहरणं सोयाबीनची आहेत, कारण आपल्या भागातलं सगळ्यात नाजूक बियाणं तेच.

१. आधी एक बी फोडून बघा

रात्री मूठभर हरभरे पाण्यात घाला. सकाळी एक घेऊन नखानं साल काढा. साल म्हणजे बीजावरण. ते निघालं की दोन डाळिंब्या सुटतात. ही बीजपत्रं, म्हणजे रोपाची पहिल्या काही दिवसांची शिदोरी. आता डाळिंब्या हळूच वेगळ्या करा. एका कडेला, हरभऱ्याच्या टोकदार नाकाशी, पांढरट बारीक कोंब चिकटलेला दिसेल. त्याचं बाहेरचं टोक मुळाचं, आतली बारीक घडी खोडाची. झाड होणार ते एवढ्याचंच. डाळ मिलमध्ये साल निघताना आणि दाणा फुटताना हा कोंब तुटतो आणि चुरीत, ढेपेबरोबर गुरांच्या पुढ्यात जातो. म्हणून डाळ पेरून उगवत नाही.

सोयाबीन, तूर, हरभरा, भुईमूग, कपाशी ही सगळी द्विदल पिकं. गहू, धान, ज्वारी, मका एकदल. त्यांच्यात अन्नाचा साठा डाळिंब्यांत नसतो, तो दाण्याच्या पिठाळ भागात असतो आणि कोंब तळाशी एका बाजूला बसतो. गव्हाचा दाणा उलटा करून बघा, सुरकुतलेला छोटा खड्डा दिसतो, तोच कोंब.

सोयाबीनचा कोंब मात्र अगदी सालीलगत असतो आणि साल पातळ असते. पोतं गाडीवरून आपटलं, मळणी यंत्र जोरात फिरलं, तर बाहेरून दाणा टवटवीत दिसतो आणि आत मुळाचं टोक चिरडलेलं असतं. हमालाला "सांभाळून ठेव" म्हणायला लाजू नका. गव्हाच्या पोत्याला जे चालतं ते सोयाबीनच्या पोत्याला चालत नाही.

उगवण सुरू होते ती पाणी पिण्यापासून. कोरडं बी पाणी शोषून फुगतं, आतली विकरं जागी होतात, साठवलेल्या स्टार्च, प्रथिनं आणि तेलाचं विघटन होतं, बी जोरात श्वास घेऊ लागतं आणि मूळ बाहेर पडतं. श्वास हा शब्द इथे खराच घ्यायचा. काळ्या भारी जमिनीत पेरल्यावर दोन दिवस पाणी तुंबलं तर बियाला प्राणवायू मिळत नाही, ते गुदमरून कुजतं. अशा वेळी बियाणं चांगलं असूनही शेत मोकळं दिसतं.

पुढचा फरक पेरणीच्या खोलीसाठी लक्षात ठेवा. सोयाबीन, कपाशी, मूग उगवताना डाळिंब्या जमिनीच्या वर घेऊन येतात. त्यासाठी कोंबाची मान आधी वाकते आणि माती फोडून वर निघते. तूर आणि हरभरा डाळिंब्या जमिनीतच ठेवतात, फक्त शेंडा वर येतो. त्यामुळे कोरडवाहू हरभरा ओल गाठण्यासाठी १० सेंटिमीटरपर्यंत खोल पेरला तरी निघतो. सोयाबीन तेवढं खोल गेलं तर मान मोडते. त्याला ३ ते ४ सेंटिमीटर पुरे.

२. बियाचं म्हातारपण

शेंगेत दाणा पूर्ण भरला, त्याचं शेंगेकडून पोषण थांबलं, तो दिवस बियाच्या जोमाचा कळस. तिथून पुढे घसरणच, वेग तेवढा कमी-जास्त. पीक काढणीला आलेलं असताना ऑक्टोबरचा पाऊस झाला, की शेंगेतलं बी भिजतं-वाळतं, भिजतं-वाळतं आणि झाडावरच म्हातारं होतं. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला होता. आदल्या वर्षी ऐन काढणीत झालेला पाऊस हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

काढणीनंतर दोन शत्रू, ओलावा आणि उष्णता. बीजशास्त्रात एक ढोबळ नियम सांगतात : बियातला ओलावा एक टक्का कमी केला तर साठवणीतलं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं तरी दुप्पट. नागपूरकरांना यातली उलटी बाजू लगेच कळेल. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या पुढे जातो आणि त्या दिवसांत पोती पत्र्याच्या शेडमध्ये असतील, तर आत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. सोयाबीनमध्ये जवळपास २० टक्के तेल आणि ४० टक्के प्रथिनं. तेलाचं बी लवकर खराब होतं, भुईमुगाचंही तसंच. गहू-हरभरा त्या मानानं दमदार, फक्त हरभऱ्याला भुंगेऱ्यांपासून जपा.

म्हणून पोती आणल्यावर पत्र्याखाली नाही, कौलारू किंवा स्लॅबच्या खोलीत, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. खत आणि फवारणीची औषधं त्या खोलीत नकोत. आणि एक खास आपल्याकडची गोष्ट : खोलीत कूलर लावू नका. थंडावा मिळतो खरा, पण कूलरची हवा ओली असते आणि कोरडं बी ती ओल ओढून घेतं.

काही बियांना झोपही असते. ताजं धान लगेच पेरलं तर नीट उगवत नाही, काही आठवडे सुप्तावस्थेत जातात. उपट्या भुईमुगाला ती झोप जवळजवळ नसतेच, म्हणून काढणीला पाऊस आला की शेंगा जमिनीतच मोड काढतात.

३. पिवळा, पांढरा, निळा, हिरवा

विद्यापीठ किंवा संशोधन संस्था एखादं वाण तयार करते तेव्हा हातात अगदी थोडं, काटेकोर निवडलेलं बी असतं. त्याला मूलकेंद्र बियाणं म्हणतात, ते बाजारात येत नाही. त्यापासून पैदासकाराच्या, म्हणजे वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या, देखरेखीत केलेलं ते पैदासकार बियाणं, टॅग सोनेरी पिवळा. त्यापासून पायाभूत, टॅग पांढरा. पायाभूतपासून प्रमाणित, टॅग निळा. प्रत्येक पायरीवर बियाणं अनेक पटींनी वाढतं आणि वाणाची शुद्धता केसभर सैल होत जाते. पैदासकार बियाण्यात ती शंभर टक्के अपेक्षित, पायाभूतमध्ये ९९, प्रमाणित सरळ (संकरित नसलेल्या) वाणांत ९८.

पांढऱ्या आणि निळ्या टॅगमागे एक तिसरा पक्ष उभा असतो. आपल्याकडे ती महाराष्ट्र राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणा, मुख्यालय अकोला. तिचे अधिकारी बीजोत्पादनाच्या शेतात फुलोऱ्यात आणि काढणीआधी येतात, शेजारच्या पिकापासून विलगीकरण अंतर मोजतात, भेसळीची झाडं बघतात, मग प्रक्रिया केंद्रात बियाणं चाळून नमुना प्रयोगशाळेत जातो. पास झालं तरच टॅग आणि सील. सोयाबीनला विलगीकरण ३ मीटर पुरतं, कारण ते स्वतःच्याच परागानं फळतं. तुरीवर मधमाश्या फिरतात, परागकण इकडचे तिकडे होतात, म्हणून प्रमाणित बियाण्यासाठीसुद्धा १०० मीटर लागतं.

भेसळ काढणं म्हणजे वेगळं दिसणारं झाड उपटणं. जेएस ३३५ या सोयाबीनचं फूल जांभळं आणि दाण्याचा डोळा काळा. त्यात पांढऱ्या फुलाचं झाड दिसलं की ते पाहुणं, उपटा. बीजोत्पादनात ही शिस्त हवीच. एरवी मात्र वेगळ्या झाडाकडे नीट बघणाऱ्यांमुळेच नवी वाणं मिळाली आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला ठेवल्या आणि त्यांतून एचएमटी धान उभं राहिलं. नागपूरच्या कोणत्याही किराणा दुकानात आजही त्या नावानं तांदूळ मिळतो.

हिरवा टॅग म्हणजे सत्यप्रत बियाणं. यात तिसरा पक्ष नाही. कंपनी स्वतःच लेबलवर लिहिते की उगवण इतकी, शुद्धता इतकी, आणि त्या शब्दांना बांधील राहते. १९६६ च्या बियाणे कायद्याप्रमाणे लेबल लावणं बंधनकारक आहे, प्रमाणीकरण ऐच्छिक. अधिसूचित, म्हणजे सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या वाणांचंच प्रमाणीकरण होतं, त्यामुळे खासगी कंपन्यांच्या कित्येक संकरित वाणांवर तुम्हाला हिरवाच टॅग दिसेल. त्यात वावगं काही नाही. बियाणे निरीक्षक दुकानातून नमुना घेऊन लेबलवरचा दावा तपासू शकतो.

आता उगवणीकडे या. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते, पायाभूतला ७० आणि प्रमाणितलाही ७०. अधिसूचित वाणाच्या सत्यप्रत बियाण्यालाही तीच किमान मर्यादा. गहू आणि हरभरा ८५, धान ८०, तूर ७५. रंग बदलला तरी आकडा बदलत नाही. पिवळा किंवा पांढरा टॅग मिळवण्यासाठी धडपडणारे नवखे मी बघतो, त्यांना एवढंच म्हणेन की ते बियाणं पुढे बियाणं करण्यासाठी असतं, दोन एकर धान्याच्या पिकासाठी नाही. बीजोत्पादनच करायचं असेल तर महाबीजच्या, म्हणजे राज्य बियाणे महामंडळाच्या, ग्रामबीजोत्पादनात नाव नोंदवा, तिथे त्याला अर्थ आहे. धान्यासाठी निळं घ्या. नाहीच मिळालं तर खात्रीच्या दुकानातलं हिरवं.

४. दुकानात

टॅग हातात घेऊन चार गोष्टी वाचा : वाणाचं नाव, लॉट नंबर, चाचणीची तारीख, वैधता. प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीपासून नऊ महिने असते, नंतर फेरचाचणी करून वाढवता येते. तारीख जुनी असेल तर वाढीव मुदतीचा शिक्का शोधा. वर्षभर पडून राहिलेलं सोयाबीन मी स्वस्तात मिळालं तरी घेत नाही. पिशवीवर क्यूआर कोड असेल तर मोबाइलनं स्कॅन करा. केंद्र सरकारचं साथी पोर्टल २०२३ मध्ये सुरू झालं ते याच मागोव्यासाठी.

पक्कं बिल घ्या आणि त्यावर लॉट नंबर लिहिलाय का ते दुकानातच बघा. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

दोन गोष्टी टाळा. एक, कळमना बाजारातलं छान दिसणारं सोयाबीन स्वस्त म्हणून पेरणीला आणणं. ते धान्य आहे, त्याचं वाण कोणतं, मळणी कशी झाली, कोणाला ठाऊक? दुसरी, "चोर बीटी". तणनाशक सहन करणारी ही कपाशी देशात मान्यताप्राप्त नाही. पिशवीवर ना धड टॅग, ना बिल, आणि नाही उगवली तर दाद मागायला जागा नाही. कापसाबद्दल शंका असेल तर वर्धा रोडला पांजरीत केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे, तिथे विचारा.

५. घरची उगवण चाचणी

पेरणीआधी पंधरा दिवस करा, म्हणजे निकाल वाईट आला तर बियाणं बदलायला वेळ राहतो.

नमुना एका पोत्याच्या तोंडावरून घेऊ नका. प्रत्येक पोत्यात हात घालून वर, मध्ये, तळाशी असा घ्या, सगळं कालवा आणि त्यातून न निवडता शंभर दाणे मोजा. न निवडता म्हणजे खरंच न निवडता. हात आपोआप गोल, पिवळ्याधमक दाण्याकडे जातो, त्याला आवरा. शक्य असेल तर असे चार संच करा. प्रयोगशाळेतही एका नमुन्याचे चारशे दाणे लावतात.

बारदानाचा तुकडा धुऊन घ्या, भिजवून घट्ट पिळा. ओल हवी, पाणी नको, निथळत्या कापडात सोयाबीन सडतं. सपाट पसरून दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, दाण्यादाण्यात बोटभर अंतर. वरून दुसरा ओला तुकडा झाका आणि सैल गुंडाळी करून दोन टोकं सुतळीनं बांधा. उभी ठेवा. बारदान नसेल तर वर्तमानपत्राचे चार-पाच पदर चालतात.

आता मे महिन्याचा प्रश्न. सोयाबीनला २५ ते ३० अंश हवेत आणि आपल्या घराच्या व्हरांड्यात दुपारी ४३. गुंडाळी तिथे ठेवली तर चांगलं बियाणंही नापास होईल. ती घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, माठाशेजारी ठेवा. इथे मात्र कूलर चालतो, कारण आता बियाला ओल हवीच आहे. रोज हात लावून बघा, सुकली वाटली तर पाण्याचा हबका मारा.

पाचव्या दिवशी उघडा आणि मोजा, उरलेले आठव्या दिवशी. मोजताना लोक गडबड करतात. मोड दिसला की उगवला, असं धरू नका. मूळ सरळ वाढलंय, त्याला बारीक तंतू फुटलेत, मान शाबूत आहे, दोन्ही डाळिंब्या बऱ्या आहेत, तेच चांगलं रोप. मूळ आखूड खुंटलेलं, टोक काळं पडलेलं, मान चिरलेली, डाळिंबी अर्धी तुटलेली, अशांची वेगळी रांग लावा. ती रोपं शेतात वर येत नाहीत, आली तरी टिकत नाहीत. ती जास्त असतील तर बियाण्याला मार बसलाय. बुरशी धरून मऊ झालेले दाणे मेलेले. आठव्या दिवशीही कडक, न फुगलेले दाणे राहिले तर ते टणक बी, सोयाबीनमध्ये फार नसतात.

शंभरात चांगली रोपं ७० किंवा जास्त आली तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. त्याखाली दर एका टक्क्याला अर्धा किलो वाढवा. म्हणजे ६२ आली तर ३४ किलो. साठच्या खाली आलं तर ते तेलाच्या मिलला द्या. जास्त पेरून भागेल असं वाटतं, पण जे उगवतात तेही अशा लॉटमध्ये दुबळे असतात. मेलेल्या बियाण्याच्या वाटेवरचे.

घरच्या मोजणीवर भरवसा वाटत नसेल तर नागपुरात शासनाची बीज परीक्षण प्रयोगशाळा आहे, शुल्क भरून नमुना देता येतो. तिथे गरजेप्रमाणे टेट्राझोलियम चाचणीही होते. त्या द्रावणात जिवंत पेशी लाल होतात आणि मेलेल्या पांढऱ्या राहतात, आठ दिवस थांबावं लागत नाही.

६. पेरणीच्या दिवशी

बीजप्रक्रियेचा, म्हणजे पेरणीआधी बियाला औषधं आणि उपयोगी जिवाणू चोळण्याचा, क्रम पाठ करा : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. सोयाबीनला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी दहा किलोला २५० ग्रॅम. बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच वेळी कालवू नका, जिवाणू मरतात. सोयाबीन हातानं हलकं चोळा, घमेल्यात घासू नका, साल निघते. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. पिशवीतलं बी आधीच लाल-निळं असेल तर बुरशीनाशक लागलेलं आहे, फक्त जिवाणू लावा. असं उरलेलं बी ना गुरांना, ना बाजारात.

पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका. मृगाच्या पहिल्या सरीवर तिफण जुंपायची घाई दरवर्षी अनेकांना दुबार पेरणीपर्यंत नेते. अर्धवट ओलीत बी फुगतं, मूळ काढतं आणि वरची माती सुकली की जागेवरच मरतं. एकदा जागं झालेलं बी पुन्हा झोपत नाही.

७. पुढच्या वर्षीसाठी घरचं

सोयाबीन, हरभरा, गहू, धान स्वपरागी आहेत. प्रमाणित बियाण्याचं पीक पुढची दोन वर्षं बियाणं म्हणून वापरता येतं, मग बदला. संकरित कपाशी किंवा मक्याचं ठेवू नका, पुढच्या पिढीत झाडं एकसारखी राहत नाहीत. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं स्वतःचं बियाणं ठेवण्याचा, अदलाबदलीचा, विकण्याचाही हक्क दिलाय, फक्त ब्रँडच्या नावानं विकता येत नाही.

बियाण्यासाठी वावरातला चांगला तुकडा फुलोऱ्यातच राखून ठेवा, भेसळ तेव्हाच काढा. मळणी वेगळी, यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास. आधी दोन पोती धान्याची काढून यंत्रातलं जुनं वाण निघून जाऊ द्या. ओलावा १२ टक्क्यांच्या आत, तोही ताडपत्रीवर वाळवून, डांबरी रस्त्यावर नाही.

८. नाही उगवलं तर

पेरल्यानंतर रिकामी पिशवी, टॅग, बिल आणि ओंजळभर बियाणं एका डब्यात ठेवा, पीक घरात येईपर्यंत. आठ-दहा दिवसांत तासं विरळ दिसली तर आधी माती उकरा. बी फुगून कुजलंय, मान मोडलीय, पपडीखाली अडकलंय, का जसंच्या तसं कोरडं आहे, ते बघा. पपडी असेल तर दोष जमिनीचा आणि पावसाचा. शेजाऱ्यानं त्याच दिवशी दुसरा लॉट पेरला आणि त्याचं हिरवंगार असेल, तर संशय बियाण्यावर. तसं असेल तर तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती येऊन पंचनामा करते. तोवर वखर घालू नका. दुबार पेरणीची घाई कितीही असली तरी शेत मोडल्यावर समितीला बघायला काही उरत नाही. सगळं थांबवणं परवडत नसेल तर निदान मधला एक पट्टा धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत तसाच सोडा आणि बाकीचं पेरून घेण्याआधी तारखेसह फोटो काढा.